ब्रह्मकमळाला आलंय बघा

आषाढात कोल्हापूरचा रंकाळा तलाव भरायला लागला की पेठेपेठेत फोन वाजू लागतात. ‘वैनी, आज रात्री उमलणार हाय बघा, सगळी या!’ मग नऊ-साडेनऊला कुंडीभोवती रांगोळी, निरांजन, हळदकुंकू, आणि मोबाइलचे डझनभर लख्ख दिवे. फूल बिचारं अंधारासाठी रात्री उमलतं. निशाचर पतंगांना बोलवायला ते सुगंध सोडतं आणि येतो शेजार, तोही मसाला दुधाच्या वेळेला.

वनस्पतिशास्त्र सांगतं, हे एपिफायलम, म्हणजे मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतलं निवडुंग. आपण ‘पान’ म्हणून कुंडीत खोचतो तेसुद्धा पान नव्हे, चपटं खोड. खरं ब्रह्मकमळ हिमालयात उंचावर फुलतं. ते उत्तराखंडचं राज्यफूल आणि कुळानं सूर्यफुलाचं भाऊबंद. थोडक्यात, कमळ दोघांपैकी एकही नाही. हे मी एकदा आरतीच्या मध्येच सांगितलं. ‘तुम्हाला देवाधर्माचं कायच पटत न्हाई,’ म्हणत काकूंनी माझ्या हातातला दुधाचा पेला काढून घेतला.

आता तर चढाओढ आहे. ‘आमच्याकडं एका रात्रीत एकवीस!’ ‘मग काय, आमच्याकडं लाल हाय!’ लाल म्हणजे संकरित. पण आरती तीच. ब्रह्मदेवानं तांबडा-पांढरा असा भेद कोल्हापूरसाठीच केला असावा.

पहाटे फूल मान टाकतं. फोटो मात्र दिवाळीपर्यंत ‘शुभ सकाळ’ म्हणत फिरत राहतो.