शिसे की टंगस्टन : बास माशासाठी वजन निवडण्याचे शास्त्र

बास मासेमारीत आमिषाला तळाशी नेण्यासाठी दोरीत जे वजन ओवतात, ते मुख्यतः दोन धातूंचे मिळते : शिशाचे आणि टंगस्टनचे. दोघांचे काम एकच, बुडणे. ते दगडालाही जमते. तरीही दुकानात या दोन खणांसमोर उभा असलेला अमेरिकन गृहस्थ इतका गंभीर दिसतो, की विक्रेताही त्याला हटकत नाही. प्रस्तुत विवेचन अशा गृहस्थांसाठी आहे.

प्रथम माशाविषयी. येथे बास म्हणजे लार्जमाउथ बास : उत्तर अमेरिकेतील गोड्या पाण्यातला, मोठ्या जबड्याचा, हावरट मासा. तो पकडून खायचा असतो, असा समज कोकणात किंवा गोव्यात होणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात तो सोडून द्यायचा असतो. रे स्कॉट यांनी १९६८ साली स्थापन केलेल्या ‘बास’ या संघटनेने १९७२ पासून स्पर्धेतले मासे जिवंत ठेवून पुन्हा पाण्यात सोडण्याचा पायंडा पाडला आणि पुढे हौशी मंडळींनीही तो उचलला. वजनावरचा खर्च कालवणातून वसूल होईल, ही आशा त्यामुळे खरेदीपूर्वीच सोडावी.

आता धातूंकडे. शिशाची घनता घन सेंटिमीटरला ११.३४ ग्रॅम, तर शुद्ध टंगस्टनची १९.२५. मात्र शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते आणि टंगस्टन ३४२२ अंशांना. ते ओतण्याच्या फंदात कोणी पडत नाही. टंगस्टनच्या भुकटीत थोडे निकेल, लोखंड किंवा तांबे मिसळून ती दाबतात आणि भाजून घट्ट करतात. या भेसळीमुळे दुकानातल्या वजनाची घनता सुमारे १७ ते १८ वर येते. अर्ध्या औंसाचे, म्हणजे साधारण १४ ग्रॅमचे, शिशाचे वजन सव्वा घन सेंटिमीटर जागा घेते. टंगस्टनचे ०.८ मध्ये भागते. पाकिटावर हा फरक मोठ्या अक्षरांत छापलेला असतो आणि तो खोटाही नसतो. आकारमान एक तृतीयांशाने घटते. पण घनफळातला फरक जाडीत उतरताना घनमुळातून जातो, आणि जाडीत पाहावे तर जेमतेम सातवा हिस्सा कमी झालेला असतो. हे गणित पाकिटावर मावत नसावे. पाण्यात तोलले तर अर्ध्या औंसाचे टंगस्टन शिशापेक्षा अर्ध्या ग्रॅमहूनही कमीच जड भरते. तळाशी ते किंचित आधी पोचते, एवढे मान्य करावे. आधी पोचून करायचे काय, हा प्रश्न धातुशास्त्राच्या कक्षेबाहेरचा आहे.

वजने औंसाच्या अपूर्णांकांत विकली जातात : १/१६, ३/१६, ३/८ वगैरे. पावकी-निमकी पाठ असलेली पिढी येथे सहज तरेल. तिच्या नातवंडांनी १/४ पासून सुरुवात करावी.

आकार खरोखर उपयोगी पडतो तो गवतात. अलाबामातील लेक गुंटर्सव्हिलसारख्या जलाशयांत हायड्रिला आणि मिलफॉइल या पाणवनस्पती उन्हाळाअखेर पृष्ठभागावर जाड सतरंजी विणतात आणि बास त्या सावलीत बसून राहतो. ही सतरंजी भेदण्यासाठी एक ते दोन औंसांचे बंदुकीच्या गोळीसारखे निमुळते वजन वरून सरळ खाली सोडतात. आमिष वजनापासून सुटून वरच अडकू नये म्हणून वजनाच्या वर, रॉडच्या बाजूला, दोरीवर रबराचा छोटा खुंटा चढवतात. दीड औंसाचे शिसे येथे गवतावर पडते आणि तिथेच बसते. गरवणारा रॉड हलवतो, दोरी सैल सोडतो, पुन्हा हलवतो. गवत हलते, शिसे हलत नाही. त्याच वजनाचे टंगस्टन मात्र अंग चोरून भोकातून खाली जाते. जाडीतला तो सातवा हिस्सा येथे कामाला येतो. गवत भेदायचे असेल त्याने पुढचे परिच्छेद वाचण्याची गरज नाही. टंगस्टन घ्यावे आणि किमतीकडे पाहू नये.

इतरांसाठी पुढचा मुद्दा स्पर्शाचा. शिसे मऊ, नखाने ओरखडते. हंगामभर वापरलेले शिशाचे वजन हातात घेतले की नाक चेपलेले, अंगभर खरचटलेले आणि दोरीचे भोक एका बाजूला ओढले गेलेले दिसते. टंगस्टनचा बाणा ‘मोडेन पण वाकणार नाही’ असा. ते खडीवरून ओढले की प्रत्येक दगडाची टकटक दोरीतून रॉडमध्ये आणि रॉडमधून बोटांत येते. बुडालेल्या लाकडाला लागले तर ठोका बद्द येतो, चिखलात काहीच येत नाही. शिसे सगळ्या तळाचे वर्णन एकाच दमट स्वरात करते. तळाची बातमी हवी असेल तर टंगस्टनला तोड नाही. मात्र बातमी मिळणे वेगळे आणि ती कळणे वेगळे. पहिल्यांदाच टंगस्टन वापरणारा गृहस्थ दर दगडाला मासा समजून रॉड जोराने उचलतो आणि दुपारपर्यंत त्याचा खांदा धरतो. शिशाच्या गृहस्थाला असा त्रास होत नाही. त्याला मासा लागलेलाही बरेचदा मागाहून कळतो.

वजनाच्या मागे काचेचा मणी ओवला की टंगस्टन त्यावर आपटून टिकटिक करते. पितळही करते. शिसे करत नाही. या आवाजाने बास जवळ येतो असे अनेक जाणकार मानतात. मण्याला फार पैसे पडत नसल्याने मानून पाहायला हरकत नाही. टंगस्टनचे दोषही नोंदवायला हवेत. ते ठिसूळ असते, आणि भोकाची कड नीट घासलेली नसेल तर दोरी कापते. म्हणून खरेदीपूर्वी भोकात दोरीचा तुकडा घालून पुढेमागे ओढून पाहावा. विक्रेता पाहत असेल तर पाहू द्यावे.

यापुढचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत कमी बोलला जाणारा : वजन हरवते. टेक्सासमधील लेक फोर्कसारख्या जलाशयात धरण भरताना उभी राहिलेली झाडे पाण्याखाली आजही आहेत, आणि त्यांच्या फांद्या गळ, दोरी, वजन असे सारे बिनदिक्कत ठेवून घेतात. शिसे गेले तर गरवणारा एक शब्द उच्चारतो. टंगस्टन गेले तर बोटीतली इतर मंडळी गप्प होतात, कारण सारख्याच वजनाच्या टंगस्टनला शिशाच्या कित्येक पट पैसे पडतात. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला हा व्यवहार मराठी माणसाला ठाऊक आहे. येथे कोंबडीही परत सोडायची असते. किंमत उतरण्याची वाट पाहण्यातही फारसे हशील नाही. जगातील सुमारे ८० टक्के टंगस्टन चीनमधून येते आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये चीनने त्याच्या निर्यातीवर नियंत्रणे आणली. अलाबामाच्या गवतात काय बुडवावे, याचा विचार आता बीजिंगलाही करावा लागतो. तेव्हा सोपा नियम असा : खडक आणि झाडे असतील तेथे शिसे, गवत आणि मोकळी खडी असेल तेथे टंगस्टन, आणि तळ ठाऊक नसेल तर मित्राच्या डब्यातले कोणतेही.

हा नियम कायद्याने काही ठिकाणी आधीच रद्द केला आहे. लून हा पाणपक्षी अन्न दळण्यासाठी पोटात खडे साठवतो. खड्यांसोबत, किंवा तुटलेली दोरी घेऊन फिरणाऱ्या माशासोबत, शिशाचे छोटे वजनही त्याच्या पोटात जाते. तेथे ते झिजते, आम्लात विरघळते, आणि पक्षी विषबाधेने मरतो. एक वजन त्याला पुरते. ब्रिटनने हंसांच्या अशाच मृत्यूंमुळे १९८७ साली लहान शिशाच्या वजनांची विक्री बंद केली. कॅनडाने त्याच वर्षी आपल्या डॉलरच्या नाण्यावर लूनला बसवले; राष्ट्रीय उद्यानांतून छोटे शिसे मात्र दहा वर्षांनी, १९९७ साली, हद्दपार केले. अमेरिकेत न्यू हॅम्पशायरने २००० साली वाट दाखवली आणि मागोमाग मेन, व्हरमाँट, न्यू यॉर्क, मॅसॅच्युसेट्स वगैरे राज्यांनी आपापले नियम केले. या राज्यांत घनता, स्पर्श आणि टिकटिक यांवरची चर्चा बंद करून नियम वाचावेत. शिसे स्वस्त पडते ते बिल पक्ष्याच्या नावावर फाडले जात असल्यामुळे, हे नियम नसलेल्या राज्यांतही लक्षात ठेवायला हरकत नाही.

वजनाचा आणखी एक उपयोग पाठ्यपुस्तकांत सापडत नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये क्लीव्हलँडला ईरी सरोवरावरच्या एका स्पर्धेत विजेत्या जोडीचे मासे दिसण्यापेक्षा फारच जड भरले. मासे बास नव्हते, वॉलाय होते, तत्त्व तेच. स्पर्धाप्रमुखाने ते जागेवरच चिरले आणि पोटातून शिशाची वजने निघाली. दोघांना पुढच्या वर्षी दहा दिवसांची कैद झाली आणि बोट गेली. निवडीच्या दृष्टीने लक्षणीय बाब अशी, की त्यांनी शिसे निवडले. त्याच जागेत टंगस्टन दीडपट भरले असते. पण फसवणुकीतही माणूस पदरमोड टाळतो.

या धंद्यात संशय किती बारीक असतो, हे विक्रमावरून कळते. १९३२ साली जॉर्जियात जॉर्ज पेरीने २२ पौंड ४ औंसांचा बास पकडला आणि तो घरी खाल्ला गेला. २००९ साली जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिताने पकडलेला बास एका औंसाहून थोड्या कमी फरकाने जड भरला. नियमानुसार दोन औंसांची आघाडी लागते, म्हणून विक्रम दोघांच्या नावे बरोबरीत राहिला. त्याआधी कुरिताला खोटे पकडण्याच्या यंत्रावर बसावे लागले. एका औंसाचे साधे वजन त्या फरकाहून जड असते, हे त्यामागचे कारण समजून घ्यावे.

शेवटी हाताळणी. घरी शिसे वितळवून साच्यात ओतण्याची प्रथा अमेरिकेत जुनी आहे. ती उघड्या हवेत, वेगळ्या भांड्यात आणि मुलांपासून दूर पाळावी. ओल्या साच्यात तप्त शिसे ओतू नये; ते उसळून बाहेर येते. चिरलेले बारीक छर्रे दोरीवर दातांनी दाबण्याची सवय अनेकांना असते. ती सोडावी आणि पक्कड वापरावी. डबा खाण्यापूर्वी हात धुवावेत. टंगस्टन दातांनी दाबले जात नाही. तेथे दातच दबतात. छर्ऱ्यांसाठी कथिलाचा पर्याय आहे, पण त्याची घनता ७.३ असल्याने तो शिशाहूनही जाड पडतो. जुने शिसे कचऱ्यात न टाकता घातक कचरा घेणाऱ्या केंद्रावर द्यावे. ते पाण्यात टाकू नये. त्याची व्यवस्था गरवणाऱ्याकडून नकळत होतच असते.