डॅशबोर्डमागे पेट्रोल आणणाऱ्या मेस्त्रींना खुले पत्र

मेस्त्री,

माझ्या प्रीमिअर पद्मिनीत तुम्ही बसवलेला पेट्रोल-प्रेशरचा मीटर मी काढून घेतला आहे. बिल तुम्ही मन लावून लिहिलं होतंत, एकेक वायसर वेगळा मांडला होतात. तेवढं लक्ष नळी निवडताना कुठे गेलं होतं?

मीटर मला हवाच होता. मे महिन्यात छेडानगरच्या सिग्नलला गाडी बंद पडायची आणि थंड झाल्यावर पुन्हा सुरू व्हायची. अशा वेळी संशय दोन गोष्टींवर असतो. पंपाचा डायफ्राम थकला असेल, नाहीतर इंजिनाच्या उष्णतेने नळीतल्या पेट्रोलची वाफ होत असेल. थंड इंजिनावरही काटा खालीच राहिला तर पंप उघडायचा. थंडपणी नीट आणि तापल्यावर काटा थरथरत पडला, तर नळीचा मार्ग बदलायचा. एवढ्या निदानासाठी मी तुमच्या देवनारच्या गॅरेजात आलो होतो.

तुम्ही लावलात शंभर पौंडांचा मीटर! १०८९ सीसीचं हे कार्बोरेटरचं इंजिन आहे. त्याच्या पंपाचं प्रेशर तीन-चार पौंडांच्या आसपास असतं. त्याहून फार वाढलं तर फ्लोटची सुई जागेवरून ढकलली जाते आणि कार्बोरेटर ओसंडतो. म्हणजे एकेका पौंडाला किंमत आहे, आणि तुमचा काटा शून्यावरून हललेला दिसतसुद्धा नव्हता. ट्रकच्या काट्यावर अंगठी तोलावी, तसलं हे माप. पंधरा पौंडांपर्यंतचा मीटर बाजारात मिळतो.

पण हे चुकीचं माप मी सोडून देईन. सोडणार नाही ती नळी. ऑइल-प्रेशरच्या मीटरला जशी बारीक नळी आत नेतात, तशी तुम्ही पेट्रोलची नळी फायरवॉलमधून थेट डॅशबोर्डमागे नेलीत. असल्या मीटरच्या पोटात वाकडी पितळी नळी असते आणि दाब मोजायला पेट्रोल तिच्यापर्यंत यावंच लागतं. उणे चाळीस अंशांच्या आसपासही पेट्रोल पेट घेईल एवढी वाफ सोडतं. ती वाफ हवेपेक्षा जड असते, म्हणून पायाशी साचते. वर दिव्यांची, हॉर्नची, वायपरची जुनी वायरिंग. मागच्या सीटवर घरची मुलं बसतात, मेस्त्री. तुम्ही त्यांना पाहिलं होतंत.

आणि नळी कसली, तर काच धुण्याच्या पाण्याची. हल्ली पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. पेट्रोलसाठी केलेलं जुनं रबरसुद्धा त्यात टिकेल याची खात्री नसते, तिथे पाण्याची नळी काय टिकणार? मीटरकडे फाटा काढायला लावलेल्या टी-जॉइंटचे आणि त्यात बसवलेल्या तुकड्याचे आटेही जुळत नव्हते. एकाला इंचात २७ आटे, दुसऱ्याला २८. चार फेरे बसले, मग अडकले, तेव्हा तुम्ही पांढरी टेप गुंडाळून पान्याने रेटलंत. त्या टेपचा धागा मला फ्लोटच्या सुईपाशी सापडला.

हे काम नीट कसं होतं ते अवघड नाही. मीटर बॉनेटखालीच ठेवायचा आणि तपासणी झाली की काढायचा. आत काटा हवाच असेल, तर सेन्सर इंजिनापाशी लावून आत फक्त वायर न्यायची. टीच्या तोंडाशी बारीक छिद्राचा अडसर ठेवायचा, म्हणजे पुढे काही फुटलं तरी पेट्रोलची धार लागत नाही. इंजिन रबरी माउंटिंगवर हलतं, बॉडी हलत नाही; म्हणून मधला तुकडा पेट्रोलच्याच लवचिक नळीचा हवा.

ही गाडी इथून जवळच, कुर्ल्यात बनली. २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेवला नोंदलेली शेवटची काळी-पिवळी पद्मिनीही वीस वर्षं पुरी करून रस्त्यावरून गेली. उरलेल्या गाड्या लोकांनी जिवापाड जपल्या आहेत आणि विश्वासाने तुमच्यासारख्यांच्या हाती देतात. म्हणून मला राग आहे, आणि तो मी लपवणार नाही.

तुमच्या वहीत आणखी कोणाकोणाच्या गाडीत असा मीटर गेला, त्याची नोंद असेल. त्या सगळ्यांना आजच फोन करा. गाडी सुरू करू नका, आधी बॅटरीची तार काढा, हे सांगा. मग स्वतः जाऊन ती नळी काढा, आणि त्याचे पैसे घेऊ नका.

पद्मिनीचा मालक