जुन्या वायरलेस कार्डाचा सातबारा

फर्मवेअर म्हणजे उपकरणाच्या आतच मुक्कामाला असलेली आज्ञावली. हे नाव ॲशर ऑपलर यांनी १९६७ साली ‘डेटामेशन’ या नियतकालिकात सुचवले. सॉफ्टवेअर मऊ, हार्डवेअर कठीण, म्हणून मधले ते घट्ट. बदलता येते, पण सहज नाही. ऑपलर यांच्या डोळ्यांसमोर प्रोसेसरमधला मायक्रोकोड होता. नाव मात्र पुढे धुलाई यंत्रापासून वायरलेस कार्डापर्यंत सगळ्यांनी वाटून घेतले आणि ‘सहज नाही’ हा गुणही नावाबरोबर आला.

वायरलेस कार्डांचे या बाबतीत दोन प्रकार पडतात. पहिल्या प्रकारची कार्डे घरी जेवतात: त्यांचे फर्मवेअर त्यांच्याच फ्लॅश मेमरीत कायमचे असते. दुसऱ्या प्रकारच्या कार्डांना डबा लागतो: वीज येते तेव्हा ती कोरी असतात आणि ड्रायव्हर डिस्कवरची फाइल वाचून त्यांना दर वेळी नव्याने भरवतो. पहिल्यांचे फर्मवेअर जुने निघते, दुसऱ्यांचे सापडत नाही.

जुने कार्ड म्हणजे येथे साधारण १९९९ ते २००३ या काळातले, ८०२.११बी जातीचे, लॅपटॉपच्या कडेच्या खाचेत बसणारे पीसीएमसीआयए कार्ड. त्याचे अँटेनाचे टोक बाहेर राहते आणि जाता-येता कोपराला लागते. कार्ड खाचेत आहे याचा हा सर्वांत विश्वसनीय पुरावा होय.

अशा कार्डाला नवे फर्मवेअर का लागते? ही कार्डे निघाली तेव्हा वायरलेस जाळ्याचे कुलूप म्हणजे वेप. २००१ साली स्कॉट फ्लुहरर, इत्सिक मँटिन आणि आदी शमीर या तिघांनी त्यातली कच्ची जागा दाखवून दिली आणि ते कुलूप दाराच्या शोभेपुरते उरले. खरा उपाय नवी एन्क्रिप्शन पद्धत हा होता. पण विकल्या गेलेल्या कार्डांचे काय करायचे, हा प्रश्न राहिला. म्हणून २००३ साली डब्ल्यूपीए आले. त्यातली टीकेआयपी ही पद्धत मुद्दाम अशी रचली होती, की जुन्या चिपला फक्त फर्मवेअर बदलून ती झेपावी. लाखोंचे हार्डवेअर वाचले. फर्मवेअर शोधण्याचे काम तेवढे ग्राहकाकडे आले.

शोधाची पहिली पायरी म्हणजे कार्डाची ओळख पटवणे. कार्डावर स्टिकर असतो, स्टिकरवर मोठ्या अक्षरांत नाव असते आणि त्या नावाचा उपयोग बहुतेक वेळा जमिनीवर लावलेल्या पाटीइतकाच असतो. पाटी कोणाचीही असो, मालक सातबाऱ्यावर पाहायचा. कार्डाच्या बाबतीत सातबारा म्हणजे आतली चिप. लिंक्सिसच्या डब्ल्यूपीसी-११ या कार्डाच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत इंटरसिलची प्रिझम चिप होती. चौथ्या आवृत्तीत रिअलटेकची. नाव तेच, कुळ वेगळे. आवृत्तीचा आकडा नावाशेजारी बारीक छापलेला असतो, आणि ज्या वयात माणूस जुने कार्ड जपून ठेवतो, त्या वयात तो चष्म्याशिवाय दिसत नाही. डी-लिंकच्या सुरुवातीच्या डीडब्ल्यूएल-६५० मध्ये प्रिझम होती, तर डीडब्ल्यूएल-६५० प्लसमध्ये टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सची चिप. ‘प्लस’ म्हणजे त्याच कार्डाची सुधारित आवृत्ती, अशी सर्वसाधारण समजूत असते. येथे प्लस म्हणजे दुसरेच कार्ड.

स्टिकरवर विसंबायचे नसेल तर क्रमांक पाहतात. पीसीआय जातीच्या प्रत्येक कार्डात कंपनीचा आणि उपकरणाचा असे दोन क्रमांक कोरलेले असतात. इंटरसिलचा क्रमांक १२६०. इंटेलचा ८०८६, म्हणजे १९७८ साली त्याच कंपनीने काढलेल्या प्रोसेसरचे नाव. येथे बापाने मुलाचे नाव लावलेले दिसते. पीसीएमसीआयए कार्डांतही असेच क्रमांक असतात, मात्र एकाच गटावर दोन कब्जेदार ही परिस्थिती तेथेही उद्भवते. ल्युसंटची ओरिनोको कार्डे आणि इंटरसिलची काही जुनी कार्डे एकच क्रमांक सांगतात. परिणामी लिनक्समध्ये ओरिनोको आणि होस्ट एपी हे दोन्ही ड्रायव्हर त्याच कार्डावर हक्क सांगायला येत. जो आधी पोहोचेल त्याची वहिवाट.

क्रमांकावरून चिपचे कुळ कळले, की दुसरी पायरी येते: त्या कुळाचा आजचा वारस कोण? येथे फेरफार नोंदी वाचाव्या लागतात. इंटरसिलने आपला वायरलेस व्यवसाय २००३ साली ग्लोबस्पॅन-विराटाला विकला. २००४ मध्ये ती कंपनी कोनेक्झंटमध्ये विलीन झाली. ल्युसंटने चिपचा व्यवसाय वेगळा काढून एजीअर ही कंपनी केली. एजीअरने ओरिनोको कार्डे २००२ मध्ये प्रॉक्सिमला दिली आणि स्वतः २००७ मध्ये एलएसआयमध्ये गेली. एलएसआयला २०१४ मध्ये अवागोने घेतले. अवागोने २०१६ मध्ये ब्रॉडकॉमला घेतले आणि स्वतःचे नाव टाकून ब्रॉडकॉम हेच नाव लावले, म्हणजे सासऱ्याने सुनेचे माहेरचे आडनाव घ्यावे तसे. या सर्व हस्तांतरांत इमारती, पेटंटे आणि माणसे व्यवस्थित पोहोचली. २००२ सालची एक लहानशी फाइल कोणत्या ट्रंकेत राहिली, याची नोंद मात्र फेरफारात सापडत नाही.

तिसरी पायरी: फाइल मिळालीच, तर ती याच कार्डाची आहे का? प्रिझम कार्डात फर्मवेअरचे दोन भाग असतात, प्रायमरी आणि स्टेशन. पहिला कार्डाला जागे करतो, दुसरा त्याला कामाला लावतो. होस्ट एपी ड्रायव्हर कार्ड सुरू होताना तीन आकडे सांगतो: मूळ बोर्डाचा, प्रायमरीचा आणि स्टेशनचा. या चिपवर डब्ल्यूपीए हवे असेल तर स्टेशनचा आकडा १.७.० किंवा त्याहून वरचा लागतो. तो १.४.९ असेल तर कार्ड चालू असते, दिवा लागतो, शेजाऱ्यांची जाळी दिसतात. फक्त आपल्या घरात प्रवेश मिळत नाही. फाइलच्या नावातही पद्धत असते. पी प्रायमरीचा, एस स्टेशनचा, पुढचे अक्षर बोर्डाच्या जातीचे आणि त्यापुढे आवृत्तीचे आकडे. नवा आकडा म्हणजे चांगला, हा नियम येथे लागू नाही. जुळणारा आकडा म्हणजे चांगला. त्यातही नुसते फर्मवेअर पुरत नाही. ड्रायव्हरला आणि ऑपरेटिंग सिस्टिमलाही डब्ल्यूपीए माहीत असावे लागते. विंडोज एक्सपीला ते २००३ साली वेगळ्या पॅचने शिकवावे लागले होते. तिघांपैकी एकाने जरी सही केली नाही, तरी व्यवहार पुरा होत नाही.

डबा लागणाऱ्या कार्डांची गोष्ट आणखी निराळी. ब्रॉडकॉमच्या जुन्या चिपचे फर्मवेअर कोणालाही वाटण्याची परवानगी नव्हती. म्हणून लिनक्सकरांनी बी४३-एफडब्ल्यूकटर नावाची कात्री केली. वापरकर्त्याने कंपनीचा मूळ ड्रायव्हर स्वतः उतरवून घ्यायचा आणि कात्रीने त्यातून फर्मवेअर कापून काढायचे. फणसातून गरे काढण्याची ही डिजिटल पद्धत असून हाताला तेल लावावे लागत नाही, एवढाच फरक. इंटेलच्या काही जुन्या कार्डांसाठी फ्रीबीएसडीमध्ये, परवान्याच्या अटी मान्य आहेत, अशी ओळ सुरुवातीच्या फाइलमध्ये लिहून ठेवावी लागते. कार्ड त्याशिवाय तोंड उघडत नाही. डेबियनचा इन्स्टॉलर तर फर्मवेअर सापडले नाही की ते पेनड्राइव्हवर आणून देण्यास सांगत असे. जाळ्यात शिरण्यासाठी जी फाइल हवी, ती जाळ्यातूनच उतरवायची होती. शेजारच्या घरचा संगणक हा त्या काळी डेबियनच्या प्रतिष्ठापनेचा अलिखित भाग होता. २०२२ साली प्रकल्पाच्या सदस्यांनी मतदान करून ही अडचण मिटवली आणि २०२३ च्या डेबियन १२ पासून फर्मवेअर इन्स्टॉलरबरोबरच येऊ लागले. तोवर बऱ्याच शेजाऱ्यांशी चांगले संबंध जुळले होते.

चौथी पायरी प्रत्यक्ष बदलाची. प्रिझम कार्डात फर्मवेअर दोन प्रकारे भरता येते. एक, तात्पुरते, रॅममध्ये: वीज गेली की विसरले. दोन, कायमचे, फ्लॅशमध्ये. शहाणा माणूस आधी तात्पुरते भरून पाहतो आणि जमले तरच कायमचे करतो. फ्लॅश लिहिणे अर्ध्यावर तुटले तर कार्ड ना जुने राहते ना नवे. म्हणून लॅपटॉपची बॅटरी पूर्ण भरलेली असावी, चार्जर लावलेला असावा आणि घरातल्या कोणी मध्येच इस्त्री लावू नये. या तीन अटींपैकी पहिल्या दोन तांत्रिक आहेत.

कार्डाच्या फ्लॅशमध्ये पीडीए नावाचा एक राखीव कोपरा असतो. त्यात त्या कार्डाचा खास पत्ता, कारखान्यात घेतलेली मापे आणि कोणत्या देशाचे चॅनल वापरायचे हे लिहिलेले असते. फर्मवेअर बदलले तरी हा कोपरा तसाच राहतो, आणि राहायलाच हवा. त्याचा एक परिणाम असा, की अमेरिकेहून भाच्याने आणून दिलेले कार्ड एक ते अकरा एवढेच चॅनल ओळखते, तर भारतात तेरा वापरता येतात. राउटर तेराव्यावर असेल, तर ते कार्ड त्याच खोलीत बसून जाळे नाही म्हणून सांगते. अशा वेळी फर्मवेअर दोनदा, ड्रायव्हर तीनदा आणि भाच्याची आठवण अनेकदा काढली जाते. उपाय राउटरचा चॅनल बदलणे हा आहे.

सर्व पायऱ्या सुरळीत पार पडल्या, तर कार्ड डब्ल्यूपीएने जोडले जाते. त्याचा वेग कागदावर ११ एमबीपीएस आणि प्रत्यक्षात त्याच्या निम्म्याच्या आसपास असतो. ज्या टीकेआयपीसाठी हा खटाटोप केला, ती पद्धत २०१२ च्या मानकात कालबाह्य ठरवली गेली. नवे राउटर ती बऱ्याचदा देतही नाहीत. तेव्हा जुळणारा राउटरही जुनाच शोधावा लागतो, आणि त्याचेही फर्मवेअर असते.

शेवटी नोंदणी. चालू पडलेल्या आवृत्तीचा आकडा कार्डाच्या स्टिकरवर पेनने लिहावा आणि फाइलच्या दोन प्रती ठेवाव्यात. त्यांतली एक तरी अशा जागी असावी, जिथे पोहोचायला वायफाय लागत नाही.