बेटाचा हिशोबनीस

कपाशीची दुसरी वेचणी घरात येऊन हातात चार पैसे खेळू लागले आणि पहाटे कानटोपी लागू लागली, की धरणगावात सहलीचे बेत आखणाऱ्या एका विशिष्ट गृहस्थास बहर येतो. त्याचे खरे नाव काहीही असले तरी मंडळी त्याला ‘आप्पा’ म्हणतात. समुद्र पाहणे हे आप्पांचे ध्येय नसून तो कमीत कमी खर्चात पाहिला गेला हे सिद्ध करणे हे असते, आणि म्हणूनच त्यांची निवड बहुधा दीव बेटावर स्थिरावते. जेमतेम 40 चौरस किलोमीटरच्या आणि बहुतांशी पाण्याने वेढलेल्या या जिल्ह्यात सोबत्यांना पैसे उधळण्यासाठी पळून जायला वाव नाही, हे त्यांचे मत अगदीच निराधार म्हणता येणार नाही.

मालवणचा प्रस्ताव दरवर्षी कोणीतरी मांडतो आणि सिंधुदुर्गही बेटावरच आहे अशी आठवण करून देतो. परंतु धरणगाव स्थानक भुसावळ-सुरत मार्गावर असल्यामुळे एकच गाडी थेट सुरतेला पोहोचवते, या युक्तिवादापुढे कोकण टिकत नाही. वाटेत नवापूर लागते, जिथे राज्याची सीमा फलाटावरूनच जाते आणि एकाच बाकाचा अर्धा भाग महाराष्ट्रात व अर्धा गुजरातेत आहे. आप्पा महाराष्ट्राच्या अर्ध्यावर बसून दशम्यांची, म्हणजे दुधात पीठ भिजवून केलेल्या टिकाऊ भाकरींची, शिदोरी सोडवतात. पुढे सुरतेहून दीवजवळच्या उन्याची रात्रीची बस घ्यावी, की 2020 मध्ये सुरू झालेल्या हजिरा-घोघा फेरीने रस्त्याचे सुमारे 370 किलोमीटर टाळून खंबातचे आखात ओलांडावे, यावर आठवडाभर खल होतो. घोघा हे भावनगरजवळचे बंदर आणि घोघला हे दीवचे मुख्य भूमीवरील गाव, हा फरक आप्पा प्रत्येकाला स्वतंत्रपणे समजावतात, आणि तरीही एखादा सोबती घोघ्याला उतरल्यावर किल्ला कुठे आहे असे विचारणार, याची त्यांना खात्री असते.

त्यांची खरी विद्वत्ता तारखांत दिसते. गुजरातेत दारूबंदी असून दीवमध्ये ती नाही, त्यामुळे शनिवार-रविवार, नाताळ, वर्षअखेर आणि उत्तरायण या दिवसांत सौराष्ट्रातील गर्दी बेटावर लोटते व खोल्यांचे भाव चढतात. यावर उपाय म्हणून आप्पा संक्रांतीनंतरचा आणि 26 जानेवारीच्या आधीचा मंगळवार ते गुरुवार धरतात. हा काळ बहुधा पौषातला, म्हणजे लग्नकार्ये नसल्यामुळे ‘भाकड’ गणल्या गेलेल्या महिन्यातला असल्याने मंडळीही मोकळी सापडतात.

योजना एकच असली तरी तिच्या आवृत्त्या दोन असतात. घरात ती सोमनाथाची यात्रा असते, जिच्यात दीवमधील फुदम येथील भरतीच्या पाण्याने धुऊन निघणाऱ्या गंगेश्वराच्या पाच शिवलिंगांचे दर्शन ओघाने येते. पारावर मात्र तिच्यात देवांचा उल्लेख फारसा आढळत नाही. दोन्ही आवृत्त्या खऱ्या असतात, कारण आप्पा खोटे बोलत नाहीत, केवळ संपादन करतात.

‘काँट्री’, म्हणजे प्रत्येकाची सारखी वर्गणी, आगाऊ गोळा होते. चौघांसाठी दोघांची खोली आणि दोन जादा गाद्या हा नियम असून, भाव ठरवताना आप्पांची अहिराणी गुजरातीच्या इतकी जवळ सरकते की हॉटेलवाला त्यांना नवसारीकडचा समजतो. जेवणावर खर्च नको म्हणून भरिताची हिरवी वांगी सोबत नेली जातात. ती भाजण्यासाठी कपाशीच्या काड्याही न्याव्यात हा ठराव मात्र ओझ्याच्या कारणास्तव फेटाळला गेला, आणि नागव्याच्या किनाऱ्यावर जमवलेल्या काटक्यांवर भाजलेल्या वांग्यांना ती चव नव्हती, हे आप्पांनी स्वतः मान्य केले.

पोर्तुगीजांनी 1535 मध्ये बांधायला घेतलेल्या किल्ल्याच्या तटावर सोबती छायाचित्रे काढत असताना आप्पा तोफेला टेकून वही उघडतात, कारण उन्याच्या रिक्षेचे चाळीस रुपये कोणाच्या नावावर टाकायचे हे अजून ठरायचे असते. पुढील वर्षासाठी त्यांनी बेट द्वारका सुचवली आहे. 2024 मध्ये पूल झाल्यामुळे तिथे होडीचे भाडे वाचते, आणि होडीत बसण्यासाठीच बेटावर जायचे असते असे म्हणणाऱ्या सोबत्याचे नाव काँट्रीच्या यादीत सध्या कंसात आहे.