आधी डोळे मिटा, मग कानांचं सांगा

“शेवटी आपले कान काय म्हणतात तेच खरं,” असं सांगत हाय-फायच्या दुकानात महागड्या ॲम्प्लिफायरचं बटण फिरवलं जातं. वाक्य मला शंभर टक्के मान्य आहे. भांडण आहे ते त्या खोलीशी, कारण तिथे कानांना कुणी बोलूच देत नाही. ॲल्युमिनियमचं जाडजूड पॅनेल डोळ्यांत भरतं, किमतीची चिठ्ठी दिसते, आणि त्यात आवाज कणभर वर असला की काम झालंच. अर्ध्या-एक डेसिबलची वाढ ‘आवाज वाढला’ अशी जाणवत नाही. सूर मोकळे झाले, तबला भरदार वाजला, असं वाटतं.

कान कच्चे असतात, असं मात्र मी म्हणणार नाही. मिरजेचा कारागीर तंबोऱ्याची जवारी लावतो ती कानानेच. तारेखालचा दोरा जरा सरकला तरी त्याला कळतं. ध्वनिसंशोधक फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ मध्ये हार्मन या ऑडिओ कंपनीच्या ४० कर्मचाऱ्यांना चार स्पीकर ऐकवले, एकदा समोर ठेवून आणि एकदा पडद्याआड. दिसत होते तेव्हा मोठ्या, देखण्या स्पीकरांना भरघोस गुण मिळाले. छोटा स्वस्त संच मागे पडला. पडदा आला आणि अंतर आटलं. त्याहून बोलकी गोष्ट पुढची. स्पीकर दिसत असताना त्यांची खोलीतली जागा बदलली तरी गुण फारसे हलले नाहीत. पडद्याआड मात्र त्याच कानांनी जागेचा फरक टिपला. डोळे बाजूला झाले तसे कान कामाला लागले.

मोबाईल फिडेलिटी ही रेकॉर्ड काढणारी अमेरिकी कंपनी म्हणजे ॲनालॉगच्या दर्दींचं दैवत. २०२२ मध्ये उघड झालं, की २०११ पासून तिच्या अनेक रेकॉर्ड बनवताना मध्ये डिजिटल टप्पा होता. अकरा वर्षं! डिजिटल आवाज निर्जीव, क्षणात ओळखू येतो, असं छातीठोकपणे सांगणारे याच रेकॉर्ड ॲनालॉगचा नमुना म्हणून मिरवत होते. कंपनीने ग्राहकांना अंधारात ठेवलं, खटला झाला, तडजोडीत पैसे परत करायची वेळ आली, ते योग्यच. पण कान त्या काळात खोटं बोलले नव्हते. रेकॉर्ड छान होत्या म्हणून छान वाटल्या. ‘ॲनालॉग आहे म्हणून छान’ हा निवाडा कव्हर वाचून झाला होता.

तेव्हा ॲम्प्लिफायर घेताना दोन गोष्टी हक्काने मागा. एकच टेस्ट टोन लावून, साध्या मल्टिमीटरने, स्पीकरच्या टोकांवरचं व्होल्टेज दोन्ही यंत्रांचं सारखं करून घ्या. फरक एक टक्क्याच्या आत हवा. मग यंत्रं झाका आणि अदलाबदल मित्रावर सोपवा, तोही नजरेआड राहू दे. घाईत कान गोंधळतात, असा आक्षेप नेहमी येतो. मग घाई करू नका, एकेका फेरीला हवा तर तास घ्या. वीसपैकी पंधरा वेळा बरोबर ओळखलंत तर खुशाल पैसे मोजा. दहा-अकरा वेळा आलं तर ती नाणेफेक झाली. वाचलेले पैसे स्पीकरवर घाला, तिथला फरक पडद्याआडूनही ऐकू येतो.