मदाधिक्य

निकालाच्या दुसऱ्या दिवशी अख्खी सोसायटी पेपरात कोण निवडून आलं ते बघते. वेलांटीकाका काय छापून आलं ते बघतात. निवृत्त मराठी शिक्षक, खिशात लाल पेन. असा एक प्रत्येक सोसायटीत असतोच. तुमच्याकडे नसेल तर तो बहुधा तुम्हीच.

त्या दिवशी सात वाजताच बेल वाजली. "वाच!" पहिल्या पानावर हारांत बुडालेले आमचे आमदार आणि खाली ठळक अक्षरांत: 'प्रचंड मदाधिक्याने विजयी'.

मी फिस्सकन हसलो. काका हसले नाहीत. "इनस्क्रिप्टच्या कळफलकावर 'द'च्या खालीच 'त' असतो. बोट चुकलं. पण मद अधिक आधिक्य, मदाधिक्य. संधी बघ, निर्दोष!" चूक व्याकरणात बसली की काकांना तिची माया वाटते.

"मुद्राराक्षसाचा प्रताप," मी म्हणालो आणि फसलो. पुढची वीस मिनिटं विशाखदत्ताची. त्याच्या 'मुद्राराक्षस' नाटकातला राक्षस म्हणजे नंदांचा अमात्य, मुद्रा म्हणजे त्याची अंगठी. बिचाऱ्यानं उभ्या जन्मात छापखाना पाहिला नाही आणि पेपरवाले आपली पापं त्याच्या माथी मारतात. चहा निवला तो निवलाच.

सुटका म्हणून मी १९४८ सालचं शिकागो काढलं. तिथल्या 'शिकागो डेली ट्रिब्यून'नं कामगारांच्या संपामुळे अंक लवकर छापायला घेतला आणि अमेरिकेच्या अध्यक्षपदाची मतमोजणी पुरी होण्याआधीच 'ड्यूईने ट्रूमनला हरवले' असा मथळा देऊन टाकला. निवडून आले ट्रूमन. तोच अंक उंच धरून हसतानाचा त्यांचा फोटो जगभर गाजला. "काका, याहून मोठी चूक दाखवा!"

काकांनी क्षणभर विचार केला. "मथळ्यात शुद्धलेखनाची चूक होती का?"

"नाही."

"मग?"

तिसऱ्या दिवशी पेपरात चौकट आली: 'मदाधिक्य' हा शब्द 'मताधिक्य' असा वाचावा. वॉचमनपासून भाजीवाल्यापर्यंत, आमच्याकडे कुणालाच ही दुरुस्ती मान्य नव्हती. आमदारांना ओळखणारी माणसं ती. काकांना मात्र आमदारांशी काही देणंघेणं नव्हतं. चौकटीच्या शेवटी 'दिलगिर आहोत' असं छापलं होतं. त्यातल्या 'गि'भोवती लाल गोल काढून त्यांनी कात्रण संपादकांना पाठवलं. सोबत दोनच शब्द: दीर्घ हवा.