क्षणभंगुरता, मार्गे महाड

जीवन क्षणभंगुर आहे, हे घरी सोफ्यावर बसून पटत नाही. तिथे फार तर चहा गार होतो. नीट पटवून घ्यायचं असेल तर गणपतीच्या आदल्या दिवशी मुंबईहून सावंतवाडीला निघावं, सात जणांच्या गाडीत आठ जण आणि आठव्याच्या मांडीवर मखर. अंतर सुमारे पाचशे किलोमीटर. वेळ किती लागेल हे साधकाने विचारू नये.

निघण्याची वेळ पहाटे चारची ठरवावी, म्हणजे सहाला निघता येतं. चाकाखाली लिंबू ठेवावं. गाडीचा विमा आहे, सहा एअरबॅगा आहेत, तरी ठेवावं. दावा कुठल्या खात्यात मंजूर होईल सांगता येत नाही.

मग आजीला बसवावं. एक पाय गाडीत, एक पाय रस्त्यावर असताना ती थांबते आणि म्हणते, “हे शेवटचं हो. पुढच्या गणपतीला मी असेन-नसेन.” हे वाक्य ती मला कळायला लागल्यापासून म्हणते आहे. या काळात आमच्या तीन गाड्या भंगारात गेल्या आणि तिचे दोन डॉक्टर निवृत्त झाले. साधकाने तरीही चेहरा पाडून “असं काय बोलतेस, आजी” म्हणावं. विसरल्यास माणगावपर्यंत अबोला.

ज्याला गाडी लागते त्याला खिडकी द्यावी. फलाटाला लागते ती गाडी वेगळी आणि पोटाला लागते ती वेगळी; पण दोन्ही वेळा माणसं जिवाच्या आकांताने खिडकी गाठतात. जवळ आलेपाक, आवळा सुपारी आणि भोक नसलेली पिशवी असावी. पिशवी आधी फुंकून पाहावी. हा अनुभव आहे, अधिक विचारू नका.

वडखळच्या आसपास गाडी थांबते. इथे चिंतनाला प्रारंभ करावा. पनवेल ते इंदापूर (आमचं रायगडातलं, उसाचं नव्हे) हा ८४ किलोमीटरचा टप्पा रुंद करायला २०११ मध्ये घेतला. त्या वर्षी जन्मलेल्या माझ्या पुतण्याला आता मिसरूड फुटलं आहे. मधल्या काळात आजोबा गेले, काका गेले, हातातले फोन चार वेळा बदलले. सगळं नश्वर आहे म्हणतात, पण रस्त्यात एक पाटी आहे, ‘तात्पुरता वळणमार्ग’. तिचा ‘तात्पुरता’ हा शब्द गंजून गेला आहे. पुढची पाटी बजावते, ‘अति घाई संकटात नेई’. आमची घाई तेव्हा ताशी बारा किलोमीटरची असते.

महाडला सावित्रीचा पूल येतो. इथे मार्गदर्शन करण्यासारखं काही नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुराच्या पाण्यात इथला ब्रिटिशकालीन दगडी पूल कोसळला, आणि एसटीच्या दोन गाड्या, इतर वाहनं, माणसांसकट वाहून गेली. पुढच्या जूनमध्ये नवा पूल उभाही राहिला. जुना पूल कोसळला त्याच्या पुढच्याच महिन्यात आम्ही गणपतीला त्या वाटेने जाणार होतो. पुलावर गाडीतलं गाणं कुणीतरी न सांगता बंद करतं. आई काच खाली करून हात जोडते. पूल संपला की कुणीतरी भडंग उघडतं.

कशेडीचा घाट हे खरं तर चिंतनाचं हक्काचं ठिकाण. आता बोगदा झाला, सुमारे दोन किलोमीटरचा, आणि अर्ध्या तासाचं वैराग्य चार मिनिटांत उरकावं लागतं. पूर्वी बाबा गाडी चालवायचे. प्रत्येक वळणावर हॉर्न, समोरच्या ट्रकला दिवा, आणि वर गेल्यावर चहाच्या टपरीपाशी गाडी उभी करून इंजिनापेक्षा स्वतःच जास्त तापलेले. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या छातीत दोन स्टेंट बसले आणि चावी माझ्याकडे आली. हे हस्तांतर घरात कुणीही, कधीही, बोललेलं नाही. ते आता डावीकडे बसतात आणि उजव्या पायाने चटई दाबतात. तिथे ब्रेक नाही हे त्यांना ठाऊक आहे. साधकाने त्या पायाकडे पाहू नये आणि “बाबा, आहे माझं लक्ष” असं तर मुळीच म्हणू नये.

गेल्या वर्षी बोगद्यातून बाहेर पडलो तर समोर पाऊस, भिंतीसारखा. पुढचा ट्रक अचानक थांबला. मी ब्रेक दाबला, बाबांनी चटई दाबली, आईने “गणपती बाप्पा” म्हटलं, मोरया कुणालाच सुचलं नाही. ट्रकच्या मागच्या फळीवरचं ‘आईचा आशीर्वाद’ काचेतून इतकं जवळ आलं की रंगाचे पोपडे मोजता आले असते. गाडी थांबली. वायपर तेवढे हलत राहिले.

“थांबवली की नाही वेळेवर?” बाबा म्हणाले.

“हो,” मी म्हणालो.

मागे मखराचा एक खांब मोडून आजीच्या डोक्यावर आला होता. तिने तो बाजूला केला, पदर सारखा केला.

“पुढच्या वर्षी जरा मोठी गाडी घ्या,” ती म्हणाली. “पाय आखडतात माझे.”